कोकणातल्या हवेत व्हायोलिन: निवडण्यापासून पावसाळा काढण्यापर्यंत

कोणी व्हायोलिन शिकायचं म्हणालं, की मी त्याला दसऱ्यापर्यंत थांबायला सांगतो. मुहूर्तासाठी नव्हे, हवेसाठी. जून ते सप्टेंबर आमच्या वेंगुर्ल्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, पापड तळायच्या आधीच मऊ पडतात आणि कपाटातल्या चपलांवर हिरवी लव येते. अशा हवेत दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या लाकडाचं, सरसाने चिकटवलेलं वाद्य नवशिक्याच्या हातात द्यायचं म्हणजे त्याचा अंत पाहणं आहे. खुंटी फुगून अडकते, गजाचे केस ढिले पडतात, तारेवर गंज चढतो. पोराला वाटतं आपल्यालाच जमत नाही. वाजवायचं सोडून दिलेल्या ज्या लोकांना मी ओळखतो, त्यांच्यातल्या निम्म्यांचा तरी दोष हवेचा होता.

म्हणून हे लिहिताना वाद्य, वादन आणि हवा अशा तिन्ही गोष्टी एकत्रच घेतल्या आहेत. शहरातल्या क्लासमध्ये पहिल्या दोन शिकवतात. तिसरी इथे राहणाऱ्यानेच शिकावी लागते.

आधी थोडं मूळ

आज आपण पाहतो तसं व्हायोलिन सोळाव्या शतकात उत्तर इटलीत घडलं. क्रेमोना या गावी आंद्रेआ आमातीने जो आकार पक्का केला, तो पावणेपाचशे वर्षांत फारसा बदललेला नाही. त्याच गावात पुढे अंतोनियो स्त्रादिवारी (१६४४–१७३७) आणि ग्वार्नेरी घराणं झालं. गज मात्र नंतर सुधारला. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या फ्रांस्वा तूर्तने त्याला आतल्या बाजूला वळणारी कमान दिली आणि ब्राझीलच्या पर्नांबुको लाकडाची प्रथा पाडली. आपल्या हातातला गज त्याच घाटाचा असतो.

आपल्या किनाऱ्यावर हे वाद्य समुद्रातून आलं. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. पुढे चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवू लागले. गोव्यात जुनी माणसं अजून व्हायोलिनला ‘रेबेक’ म्हणतात. तो पोर्तुगीज ‘राबेका’वरून आला आहे. मांडो हे गोव्याचं गाणं गाताना एका बाजूला घुमट हे मातीचं तालवाद्य आणि दुसऱ्या बाजूला व्हायोलिन, ही जोडी तिथलीच. या शाळांमधून निघालेल्या वादकांनी मुंबईच्या सिनेमाचे वाद्यवृंद भरून काढले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच, प्यारेलाल त्यांच्याकडे शिकले.

रागदारीत व्हायोलिन आलं ते वेगळ्या वाटेने. दक्षिणेत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बालुस्वामी दीक्षितरांनी ते कर्नाटक संगीतात आणलं. आपल्याकडे गजाननबुवा जोशी गवई असूनही व्हायोलिनवर तेवढ्याच अधिकाराने बसत. तेरेखोल नदीच्या पलीकडचे, गोव्यातल्या पेडण्याचे श्रीधर पार्सेकर, नंतर व्ही. जी. जोग, डी. के. दातार, एन. राजम यांनी ते हिंदुस्थानी मैफलीत रुजवलं. दातारांचं वादन ऐकलं, तर गळा आणि गज यांत फरक कुठे संपतो ते कळत नाही. भावगीतांतली व्हायोलिनची ओळ ऐकून मोठी झालेली आमची पिढी प्रभाकर जोगांची ऋणी आहे.

हा इतिहास सांगण्याचं व्यावहारिक कारण एवढंच, की इथे तुमच्यासमोर दोन परंपरा आहेत. बांद्याला राहणाऱ्याला गोव्याचा पाश्चात्त्य पद्धतीचा शिक्षक जवळ पडेल, रत्नागिरीतल्याला कदाचित रागदारीवाला. दोन्हींत धरणं वेगळं, जुळवणी वेगळी. आधी शिक्षक ठरवा, मग वाद्य घ्या. यापुढचं सगळं मी हिंदुस्थानी पद्धत धरून लिहितो आहे.

लाकूड आणि सरस

वाद्य सांभाळायचं तर ते कशाचं आहे हे माहीत हवं. पुढची पाटी स्प्रूस नावाच्या सूचिपर्णी झाडाची: हलकी, पण ताठ. मागची पाटी, बाजूच्या पट्ट्या, मान आणि घोडी (तारा जिच्यावरून जातात ती) मेपलची. बोटं फिरतात ती काळी पट्टी चांगल्या वाद्यात आबनुसाची असते. पुढची पाटी साधारण तीन मिलिमीटर जाड, बाजूच्या पट्ट्या तर जेमतेम एक मिलिमीटर. गरम लोखंडावर वाकवून आकारात आणलेल्या. कडेला दिसणारी काळी-पांढरी-काळी बारीक रेघ नुसती नक्षी नव्हे. ती तीन पातळ पट्ट्यांची खरी जडणी असते आणि कडेला पडलेली चीर आत सरकू देत नाही. स्वस्त वाद्यावर ती रेघ रंगवलेली असते. नखाने चाचपून पाहा.

आत दोन गोष्टी लपलेल्या असतात. जाड तारेच्या बाजूला पाटीखाली चिकटवलेली लांब पट्टी, आणि बारीक तारेच्या बाजूला, घोडीच्या पायाच्या किंचित मागे, पुढची आणि मागची पाटी यांच्यामध्ये उभी असलेली सहा मिलिमीटर जाडीची काडी. तिला साउंड पोस्ट म्हणतात. ही काडी चिकटवलेली नसते, नुसती दाबाने उभी असते. फ्रेंचांनी तिला ‘आत्मा’ असं नाव दिलं आहे. ती पडली की वाद्य पोकळ डब्यासारखं वाजतं आणि ताण तसाच ठेवला तर पुढची पाटी खचू शकते. वाद्य हलवून पाहताना आत खडखड ऐकू आली, तर लगेच सगळ्या तारा सैल करा.

‘फणसाच्या लाकडाचं व्हायोलिन होईल का हो?’ हा प्रश्न मला दर वर्षी कोणी तरी विचारतं. फणसाची वीणा होते, हे खरं. पण व्हायोलिनच्या पुढच्या पाटीला वजनाने हलकं आणि तरी ताठ असं लाकूड लागतं; फणस आणि सागवान दोन्ही तिथे जड पडतात. मागच्या पाटीला प्रयोग करायला हरकत नाही. खुंट्यांना मात्र आपलं शिसव उत्तम. आणि वार्निशचं म्हणाल, तर सावंतवाडीचे चितारी जी लाख कातकामाच्या खेळण्यांवर चढवतात, तीच लाख स्पिरिटमध्ये विरघळवून व्हायोलिनच्या वार्निशात वापरतात. इटलीचं वाद्य आणि आमचं लाकडी केळं यांचं एवढं नातं आहे.

सगळे सांधे सरसाने, म्हणजे जनावराच्या कातडीपासून केलेल्या गोंदाने, जोडलेले असतात. ऊब आणि ओल मिळाली की सरस सुटतो. हा दोष नाही, मुद्दाम केलेली सोय आहे. लाकूड फुगलं की पाटी चिरण्याऐवजी सांधा उघडतो, आणि उघडलेला सांधा पुन्हा जोडता येतो. ही एक गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत येऊ.

घेताना काय पाहायचं

मोठ्या माणसाला पूर्ण मापाचं, म्हणजे चार-चतुर्थांश. त्याच्या अंगाची लांबी साधारण ३५६ मिलिमीटर, चौदा इंच. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला तीन-चतुर्थांश, त्याहून लहानाला अर्धं. ‘वाढत्या अंगाचं’ म्हणून मोठं घेऊ नका, तो शाळेचा गणवेश नव्हे.

बाजारात नवशिक्यांसाठी मिळणारी बहुतेक वाद्यं चीनमधल्या कारखान्यांची असतात. आपल्याकडे रामपूर आणि कोलकाता इथे व्हायोलिन बनतात. कुठलंही घ्या, पण ऑनलाइन मागवलं तर ते ‘वाजण्याजोगं’ येतं असं समजू नका. घोडी वेगळी बांधलेली येते, ती न घासलेली, जाडजूड असते. ती वाद्याच्या पाटीवर घासून बसवावी लागते. सगळ्यात महत्त्वाच्या चार जागा सांगतो.

खुंटी हाताने फिरवून पाहा. ती सरकन घसरू नये आणि करकचून अडकूही नये. दोन्ही भोकांत सारखी टेकलेली असावी.

घोडीचे पाय पाटीवर कागद न सरकण्याइतके चपखल बसलेले हवेत. घोडीची जागा एफ-आकाराच्या दोन भोकांच्या आतल्या खाचांच्या बरोबर रेषेत.

काळी पट्टी संपते तिथे तारा आणि पट्टी यांच्यातलं अंतर मोजा. जाड तारेखाली साडेपाच मिलिमीटरच्या आसपास, बारीक तारेखाली साडेतीन. यापेक्षा फार जास्त असेल तर बोटं दुखून पोर आठवड्यात वाद्य खाली ठेवेल. आणि हे माप पावसाळ्यात वाढतं, पाटी फुगते म्हणून. म्हणजे जुलैत माप घेऊन घोडी घासलीत, तर डिसेंबरात तारा पट्टीवर आपटतील. घोडी थंडीत घासून घ्यावी.

चौथं, कडेकडेने बोटाच्या पेराने हलकेच टकटक करत वाद्याभोवती फिरा. सांधा घट्ट असेल तिथे आवाज भरीव येतो, सुटलेला असेल तिथे फाटका. नारळ वाजवून पाहणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही.

बाजूच्या वस्तूंत कंजुषी करायची तर केसवर, म्हणजे वाद्य ठेवायच्या डब्यावर, करू नका. कापडी पिशवी आमच्या हवेत निरुपयोगी. झाकणाला रबराची कड असलेली कडक केस घ्या, आणि तिच्यात ठेवायला दोन-तीनशे रुपयांचा छोटा डिजिटल आर्द्रतामापक.

तारा जुळवणं

पाश्चात्त्य पद्धतीत जाड तारेपासून बारीककडे जी, डी, ए, ई असे चार सूर असतात: पेटीवरच्या पांढरी ५, पांढरी २, पांढरी ६ आणि पांढरी ३. कंपनं सेकंदाला १९६, २९४, ४४० आणि ६५९ च्या जवळपास. रागदारीत सा-प-सा-प किंवा प-सा-प-सा अशी जुळवणी करतात.

नवशिक्याला मी सा-प-सा-प लावून देतो, षड्ज पांढरी ५ धरून. कारण सोपं आहे. तारा बारीककडून मोजतात, सगळ्यात जाड ती चौथी. जाड दोन तारा आहेत तशाच राहतात. दुसरी तार पांढरी ६ वरून पांढरी ५ वर आणि पहिली पांढरी ३ वरून पांढरी २ वर उतरवायची. म्हणजे काहीच ताणायचं नाही, दोनच सैल करायच्या. तार तुटण्याची भीती नाही. कंपनं १९६, २९४, ३९२, ५८८. हे आकडे एकदा नीट पाहा: दर जोडीत षड्जाच्या दीडपट पंचम, आणि दुसरा षड्ज पहिल्याच्या दुप्पट. तंबोऱ्यावर कान तयार झालेला असेल तर आकड्यांची गरजच नाही.

क्रम असा. तंबोऱ्याचं ॲप पांढरी ५ वर लावा. चौथी तार षड्जाला मिळवा. खुंटी फिरवताना ती आतल्या बाजूला हलकेच दाबत फिरवायची, नुसती फिरवली की ती सुटते. आधी स्वराच्या थोडं खाली उतरायचं आणि मग वर चढत स्वर गाठायचा. मग तिसरी आणि चौथी तार एकत्र गज फिरवून वाजवा. स्वर जवळ आला की आवाजात एक ‘वंव-वंव-वंव’ अशी लाट ऐकू येते. लाट संथ होत जाते, आणि पंचम नेमका लागला की थांबते. पाणी थांबल्यासारखं वाटतं. शेवटचा बारीकसा फरक टेलपीसवरच्या, म्हणजे तारांची खालची टोकं अडकतात त्या तुकड्यावरच्या, छोट्या स्क्रूने काढायचा.

प्रत्येक वेळी तार ताणली की घोडीचं डोकं खुंट्यांकडे झुकतं. आठवड्यातून एकदा बाजूने पाहा. घोडीची टेलपीसकडची बाजू पाटीला काटकोनात हवी. झुकली असेल तर तारा किंचित सैल करून दोन्ही हातांच्या बोटांनी सरळ करा. दुर्लक्ष केलंत तर ती वाकडी होते, किंवा एक दिवस फाडकन आडवी पडते, आणि तिच्यासोबत आतली काडीही. याच कारणासाठी तारा बदलताना एकेकच काढायची. चारही एकदम काढल्या की दाब जातो.

बसणं आणि गज

जमिनीवर चटई टाकून मांडी घाला, उजवा पाय थोडा पुढे काढा. वाद्याचं शंखासारखं डोकं उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवायचं, दुसरं टोक डाव्या खांद्याच्या हाडाशी. वाद्य असं दोन ठिकाणी टेकलं की डाव्या हातावर कसलाच भार राहत नाही. आपल्या मींडेला हेच हवं असतं: हात पट्टीवर मोकळा घसरला पाहिजे. उभ्याने हनुवटीखाली धरणाऱ्याला ते तितकं सोपं नाही.

आता गज. याच्यावर महिना घालवा असं मी म्हणतो आणि कोणी ऐकत नाही.

वाजवण्याआधी स्क्रू फिरवून केस ताणायचे, पण काठीची कमान आतच राहिली पाहिजे. मधोमध केस आणि काठी यांच्यात पेन्सिल जेमतेम जाईल एवढं अंतर. वाजवून झालं की स्क्रू परत सैल. केसांना राळ लावायची. नवी राळ गुळगुळीत असते, तिला पॉलिश पेपरने आधी ओरखडे पाडा, नाहीतर कितीही घासली तरी लागत नाही. कोऱ्या केसांना पहिल्यांदा बरीच राळ लागते, नंतर दिवसाआड चार-पाच फेरे पुरे. केसांना बोट लावायचं नाही. आमच्याकडे हाताला खोबरेल असतंच असतं, आणि तेल लागलेल्या केसावर राळ बसत नाही. तेवढा भाग मुका होतो. मींडेसाठी डाव्या बोटांना तेलाचा अंश लावणारे वादक आहेत. तो हात गजाकडे जाऊ देऊ नका म्हणजे झालं.

पकड: अंगठा वाकवून मुठीकडच्या काळ्या ठोकळ्याजवळ काठीखाली. मधलं बोट अंगठ्यासमोर. करंगळीचं टोक काठीवर गोल टेकलेलं. ती ताठ झाली की सगळा हात ताठ होतो. गज साठ ग्रॅमच्या आसपास असतो, म्हणजे एका अंड्याएवढा. धरायचा तोही अंड्यासारखाच.

आरशासमोर बसा. पट्टीचं टोक आणि घोडी यांच्या मधोमध तारेवर गज ठेवा आणि घोडीला समांतर ओढा. मोकळी तार, एक गज खाली, एक वर. घड्याळाच्या सेकंदाला एक मात्रा धरून खाली आठ मात्रा, वर आठ मात्रा. पहिल्या दिवशी चारच जमतील. गज टोकाकडे जाताना मागे वळतो, कारण कोपर अंगाजवळ अडकतं. टोकाकडे हात पूर्ण उघडायला हवा.

आवाज तुम्हाला चूक सांगतो. करकर आली तर दाब जास्त किंवा वेग कमी. शिट्टीसारखा पोकळ आवाज आला तर दाब कमी, किंवा गज पट्टीकडे सरकलेला. दाब, वेग आणि घोडीपासूनचं अंतर या तिघांचंच सगळं गणित आहे. घोडीजवळ जाल तसा दाब वाढवा, वेग कमी करा. या काळात घरचे बोलणार. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलाची आजी पहिल्या आठवड्यात ओटीवरून ओरडली होती, ‘मेल्या, त्या मांजराक कित्याक छळतंस?’ चौथ्या आठवड्यात ती गप्प झाली. मला तेवढी पावती पुरते.

बोटं कुठे ठेवायची

पट्टीवर पडदे नाहीत म्हणून लोक घाबरतात. जागा मात्र मोजता येतात. खुंट्यांजवळचा छोटा मेरू आणि घोडी यांच्यातलं अंतर पूर्ण मापाच्या वाद्यात ३२.८ सेंटिमीटरच्या आसपास असतं. तुमचं मोजून घ्या. षड्जाच्या तारेवर मेरूपासून मोजत गेलात तर:

शुद्ध रिषभ ३.६ सेंटिमीटरवर,
कोमल गंधार ५.५ वर,
शुद्ध गंधार ६.६ वर,
मध्यम ८.२ वर, म्हणजे तारेच्या बरोबर पाव भागावर.

पंचम पुढच्या तारेवर मोकळाच मिळतो. त्या तारेवर धैवत ३.३ वर, शुद्ध निषाद ६.६ वर आणि षड्ज ८.२ वर. रिषभ ३.६ आणि धैवत ३.३: दोघांत तीन मिलिमीटरचा फरक, आणि बोट तेच. हा फरक कानाला ऐकू येऊ लागला, की शिक्षण सुरू झालं असं समजा. काही घराण्यांत, काही रागांत धैवत चढा घेतात, तेव्हा तोही ३.६ कडे जातो. कागदी चिकटपट्टीच्या बारीक पट्ट्या या जागांवर लावायला माझी हरकत नाही. तीन महिन्यांनी काढा.

पेटीशी ताडून पाहणाऱ्यांसाठी एक इशारा. पेटीचा गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा चढा असतो. तारेवर मोजलात तर ६.६ ऐवजी जवळपास ६.८ सेंटिमीटर, म्हणजे दोन मिलिमीटर पुढे. गणपतीत भजनाला पायपेटीबरोबर बसलात की तिच्या गंधाराला जुळवून घ्यावं लागतं, घरी रियाजाला तंबोऱ्याचा. दोन्ही येऊ देत, पण सुरुवात तंबोऱ्याने करा.

पहिला राग भूप घ्या. सा रे ग प ध सां. वरची जुळवणी असेल तर चौथ्या तारेवर मोकळा सा, पहिल्या बोटाने रे, दुसऱ्याने ग. तिसऱ्या तारेवर मोकळा प, पहिल्या बोटाने ध. दुसरी तार मोकळी सां. म्हणजे सप्तक दोनच बोटांत. एक गज एक स्वर, मग एका गजात दोन, मग चार. त्यानंतर रे वरून ग वर जाताना बोट न उचलता त्याच बोटाने घसरत जा, गजाचा वेग न बदलता. ही तुमची पहिली मींड. ती गाऊन वाजवा: आधी गळ्यातून, मग तारेतून. मला तरी दुसरा उपाय सापडलेला नाही.

रोज अर्धा तास रोजच्या रोज, रविवारच्या तीन तासांपेक्षा भारी.

पावसाळा

वाद्याला ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. आमच्याकडे आषाढात मापक ९० दाखवतो. तो साठावर आणणं शक्य नाही, पण केसच्या आत सत्तरच्या खाली ठेवता येतो.

केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. निळे खडे गुलाबी झाले की ते भरले. जाड तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत भाजा, थंड झाल्यावरच केसमध्ये ठेवा. निळ्या रंगातलं रसायन घातक असतं, म्हणून तो तवा भाकरीला परत वापरू नका. तांदळाची पुरचुंडी जुनी माणसं ठेवतात. चार दिवस बरी, मग त्यात पोरकिडे होतात.

केस जमिनीवर नको, समुद्राकडच्या भिंतीला टेकून नको, लोखंडी कपाटात नको. लाकडी कपाटात वरच्या फळीवर ठेवा. कपाटात तळाशी झिरोचा बल्ब लावून ठेवायची आमच्या घरांतली जुनी युक्ती आहे, कपड्यांना बुरशी येऊ नये म्हणून. ती इथेही चालते, फक्त बल्ब आणि केस यांच्यात दोन फळ्या असू द्या.

खुंटी अडकली तर पकड घेऊन पिळू नका. मी पिळली होती. डोकं हातात आलं, दांडा भोकात राहिला, आणि तो काढायला कोल्हापूर गाठावं लागलं. आधी वाद्याची केस दोन दिवस कोरड्या कपाटात राहू द्या, फुगलेलं लाकूड उतरतं. मग खुंटीच्या बारीक टोकाला बाहेरून रुमाल धरून हलकेच आतून बाहेर ढकला. उलट थंडीत पूर्वेकडून मतलई वारे सुरू झाले की खुंट्या सुकून घसरू लागतात. तेव्हा दांड्यावर फळ्यावरचा खडू घासला की पुरतं.

गजाचे केस पावसात लांबतात. स्क्रू संपला तरी ताण येत नाही असं होतं. जोर करू नका, दोन दिवस सिलिकाजवळ ठेवा. आणि दसऱ्यानंतर उलटं: सैल करायला विसरलात तर केस आक्रसतात आणि काठी वाकते.

वाद्याची केस महिनोन्महिने बंद ठेवली तर अंधारात बारीक किडे गजाचे केस कातरतात. उघडीप मिळेल त्या दिवशी केस रिकामी करून उन्हात उघडी टाका. केस उन्हात, वाद्य सावलीत. डांबराच्या गोळ्या मी टाकत नाही.

रोज वाजवून झाल्यावर तारा सुती कापडाने पुसा, खाऱ्या हवेने आणि घामाने पोलादी तारेला लगेच गंज धरतो. पाटीवर पडलेली राळेची पांढरी भुकटीही पुसा. दमट हवेत ती वार्निशला चिकटून बसते. मे महिन्यात वाद्य गाडीत ठेवून बाजारात जाऊ नका. बंद गाडी तापली की सरस विरघळायला वेळ लागत नाही.

सांधा सुटला तर

सुटतोच. बहुधा श्रावणात, बहुधा खालच्या बाजूला, जिथे वाजवणाऱ्याचा घाम लागतो. एखादी तार वाजवताना कुठून तरी चर्रर्र असा बारीक आवाज येतो. टकटक करून जागा शोधा, पातळ कागद आत जातो का पाहा.

माझ्या पहिल्या वाद्याचा सांधा सुटला तेव्हा मी ते ओळखीच्या सुताराकडे नेलं. त्याने चांगल्या मनाने दारं-खिडक्यांना लावतात तो पांढरा गोंद भरला आणि शिकंजात पिळून दिलं. पुढच्या पावसात लाकूड फुगलं, सांधा काही हलेना, म्हणून शेजारून पाटीच चिरली. साडेतीन इंचांची चीर. पांढरा गोंद आणि लाकडाला पक्का बसणारा कुठलाही आधुनिक गोंद या वाद्याला वर्ज्य.

सरस दाण्यांच्या रूपात मिळतो. चमचाभर दाणे दुप्पट पाण्यात तासभर भिजवा, ते फुगून मऊ होतात. मग वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवा. पाणी हाताला चटका बसेल एवढं, पण उकळतं नको, उकळला की सरसाची ताकद जाते. पातळ काकवीसारखा झाला पाहिजे. तारा सैल करा, पण इतक्याच की घोडी आणि काडी उभी राहील. सांध्यात आधी नुसतं कोमट पाणी पातळ पात्याने फिरवून जुना सरस मऊ करा, कापडाने टिपा. नवा सरस त्याच पात्याने आत सरकवा. तो मिनिटभरात थिजतो, तेव्हा शिकंजा आधीच हाताशी ठेवा: बुचाचे तुकडे लावलेले, हाताने बसतील तेवढेच घट्ट. बाहेर आलेला सरस ओल्या फडक्याने लगेच पुसून घ्या.

पाटीला मधोमध चीर असेल, मान हलत असेल, किंवा काडी पडली असेल तर यातलं काहीही करू नका, कारागिराकडे जा. सांधा मात्र घरी होतो. सुकायला एक दिवस द्या. पाऊस लागून राहिलेला असेल तर दोन.